ऑफ-व्हाइट: पिवळसर घ्यायचा की राखाडी झाक असलेला?

शेड कार्डवर सगळे ऑफ-व्हाइट एकसारखेच वाटतात, फरक कळतो तो चारही भिंतींवर चढल्यावर, म्हणून नावापेक्षा आधी खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघा.

उत्तरेची खिडकी असेल, किंवा सदाशिव-नारायण पेठेत आहे तशी समोरची बिल्डिंग अगदी अंगावर आलेली असेल, तर पिवळसर म्हणजे क्रीम-आयव्हरीकडचा घ्या. उत्तरेचा उजेड जरा निळसर असतो, तो पिवळेपणा खाऊन टाकतो आणि भिंत सायीसारखी मऊ दिसते. अशा खोलीत राखाडी झाकेचा लावलात तर जून ते सप्टेंबर, आभाळ भरलेलं असताना, घर नुसतं उदास वाटतं, आणि पुण्यात हे दिवस काही कमी नसतात हो.

उलट बाणेर-बालेवाडीकडे वरच्या मजल्यावर, पश्चिमेला मोठी स्लाइडिंग असलेला हॉल असेल तर राखाडीवाला खरंच छान. एप्रिल-मे मध्ये चार वाजल्यानंतरचं ऊन आत आलं की क्रीम भिंत एकदम पिवळीजर्द दिसायला लागते, राखाडी झाक ते सांभाळून घेते.

दिवे विसरू नका, बहुतेक जण इथेच फसतात. 3000 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेड किती पिवळा की पांढरा ते सांगणारा आकडा) वॉर्म एलईडीत क्रीम दुप्पट पिवळा दिसतो, 6500 च्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली राखाडीवाल्याला दवाखान्याची कळा येते. ज्या दिव्यात संध्याकाळ जाणार त्याच दिव्यात रंग बघा.

फरशी तर बदलत नाही ना आपण, मग रंगानेच तिच्याशी जुळवून घ्यायचं. आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्सशेजारी थंड राखाडी भिंत आली की टाइल्स मळकट वाटतात, जुन्या घरातल्या शहाबादीवर मात्र क्रीम फार सुंदर दिसतो. प्रभात रोडसारखं खिडकीबाहेर झाडच झाड असेल तर आत हिरवट उजेड येतो, तिथे हिरवी झाक असलेला शेड नकोच, किंचित गुलाबीकडचा बघा.

एलआरव्ही म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा, 0 ते 100. अंधाऱ्या खोलीला 75 च्या वरचा घ्या.

माझं मत विचाराल तर, ठरतच नसेल तेव्हा सगळ्यात कमी पिवळा असलेला क्रीम. पण आधी सॅम्पल आणून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, जुन्या भिंतीवर नको, खालचा रंग डोळ्याला फसवतो. पुठ्ठा फरशीला टेकवून उभा करा, शेजारी कोरा पांढरा कागद धरा, झाक लगेच कळते. सकाळी, दुपारी, रात्री बघा.

फिनिशचं थोडक्यात: पुट्टी वरखाली असेल तर मॅट, लहान मुलं असतील तर धुता येणारा. आणि एका खोलीचा सगळा रंग एकदमच मिक्स करून घ्या, नंतर आणलेल्या डब्यात थोडा जरी फरक आला तरी ऑफ-व्हाइटवर तो पटकन दिसतो.