ओपन वर्ल्डची हद्द: समुद्र घ्यावा की डोंगर?

पहिला ओपन वर्ल्ड गेम, म्हणजे मोठ्या मॅपवर मोकळं हिंडता येणारा गेम, करायला घेतला की टेरेन (जमीन), शेडर (वस्तू कशा दिसतील ते), कॅरेक्टर कंट्रोलर (पात्राची हालचाल) सगळ्याचे व्हिडिओ सापडतात, पण मॅप संपवायचा कसा याकडं शेवटपर्यंत कोणी बघत नाही आणि मग शेवटच्या आठवड्यात चारी बाजूंनी अदृश्य कोलायडर, म्हणजे न दिसणाऱ्या भिंती, लावून मोकळे होतात. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो. मी जो गेम करतोय तो कोकणात घडतो, पायी हिंडायचं, मारामारी काही नाही, त्यामुळे दोन्ही हद्दी आयत्याच मिळाल्या, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सह्याद्री. एकाच मॅपवर दोन्ही वापरून बघितल्या, त्यामुळे खाली लिहितोय ते अनुभवाचं आहे, मोजमाप करून काढलेलं नाही, तुमचा गेम वेगळ्या जातीचा असेल तर उत्तर वेगळं येऊ शकतं.

आधी डोंगराची बाजू मांडतो कारण ती खरंच भक्कम आहे. डोंगर नजर अडवतो, त्यामुळे पलीकडचं काही बनवावं लागत नाही आणि ड्रॉ डिस्टन्सचा, म्हणजे किती लांबपर्यंतचं चित्र काढायचं त्याचा, ताण कमी होतो. शिवाय खेळणाऱ्याला दिशा कळते, धुक्यात हरवला तरी कडा बघून पूर्व कुठं ते समजतं. स्कायरिम या गेममध्ये (२०११) डोंगरांनी सगळ्या मुलखाला जो घट्टपणा आलाय तो समुद्राने आला नसता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण डोंगर जागा फार खातो. २ बाय २ किलोमीटरचा मॅप आणि कडेला ३०० मीटर उंचीचे, ४५ अंश उताराचे डोंगर घेतले तर प्रत्येक बाजूला ३०० मीटर नुसत्या उतारात जातात, आत उरतो १.४ बाय १.४, म्हणजे चारातले जेमतेम दोन चौरस किलोमीटर. अर्धा मॅप बनवायचा आणि तिथं जाऊ द्यायचं नाही. छोट्या टीमला, किंवा माझ्यासारख्या एकट्याला, हे परवडत नाही. तरीही दिसायला इतकं सुंदर होतं की तेवढ्यासाठी मी डोंगर सोडला नसता.

सोडला तो दुसऱ्याच गोष्टीमुळे.

टेस्टिंगला मित्रांना बसवलं, त्यातला एक पक्का ट्रेकर, पावसाळ्यात घरी सापडत नाही असा. तो गेममध्ये पूर्वेला कड्याखाली पोचला आणि म्हणाला, "अरे इथून वाट असणारच, बघ ना नाळ कशी सरळ खाली आलीये." आणि बरोबरच होतं त्याचं! सह्याद्री माहीत असलेला माणूस नाळ, म्हणजे कड्यातली उभी अरुंद घळ, बघितली की वर जायचंच बघणार, कोकणातून देशावर चढायला वाटा आहेतच, नाणेघाट तर सातवाहनांच्या काळापासून वापरात आहे आणि आजही लोक तो चढतात. तर हा गडी दगडादगडाने चढत निम्म्या उंचीपर्यंत गेला आणि तिथं माझी अदृश्य भिंत लागली. समोर मोकळी जागा दिसतेय, पाय टाकण्यासारखा दगड दिसतोय, आणि पात्र जागच्या जागी चालतंय. तो काही बोलला नाही, खाली उतरला. पण त्यानंतर पूर्ण सेशनमध्ये तो कुठल्याच टेकडीवर चढला नाही. मॅपच्या मधोमध एका टेकडीवर मी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आणि त्याच्या मागे गुहा ठेवली होती, त्याच उताराची, त्याच टेक्स्चरची टेकडी, तो खालून निघून गेला. विचारलं तर म्हणाला, हे पण नुसतं दिसायलाच असेल असं वाटलं. पुढं बाकीच्यांचंही तसंच झालं, एकदा भिंतीला धडकले की चढणं बंद.

मला खटकलं ते हे, आणि निर्णय इथंच झाला. हद्द कडेला असते, पण तिचा परिणाम मॅपच्या आत होतो. डोंगर "वर ये" म्हणतो आणि मग आपणच खेळणाऱ्याला अडवतो, की तो आतल्या डोंगरांवरही विश्वास ठेवत नाही. स्कायरिममध्ये मधेच "इकडं जाता येणार नाही" असा मेसेज येतो, विचर ३मध्ये (२०१५) जगाचा शेवट आला, मागे फिर असं सांगतात. हे मोठे आणि समृद्ध गेम आहेत, आत करायला इतकं आहे की माणूस विसरून जातो. पण ज्याचा सगळा जीव हिंडण्यातच आहे अशा छोट्या गेमला हा विश्वास गमावणं जड जातं. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये (२०१७) जवळजवळ प्रत्येक कडा चढता येतो, मग तिथं डोंगर हद्द म्हणून चाललाच नसता, म्हणूनच की काय उत्तर आणि पश्चिमेला खोल दरी ठेवलीये आणि पूर्वेला समुद्र. खेळणारा काय काय करू शकतो ते आधी ठरवा, हद्द त्यावरून ठरते.

समुद्राकडं मात्र कोणी तक्रार केली नाही. लोक पाण्यात गेले, थोडं पोहले, आपणहून परत आले. क्षितिजापर्यंत काही दिसत नाही म्हटल्यावर तिकडं काहीतरी असेल अशी आशाच लागत नाही. एक पथ्य मात्र पाळावं लागतं, जिथं पोचता येत नाही असं बेट किंवा दीपगृह पाण्यात दाखवायचं नाही, दाखवलं की तोच डोंगराचा प्रॉब्लेम परत.

समुद्राचेही त्रास आहेत, नाही असं नाही. होडी किंवा विमान दिलंत तर माणूस नाकासमोर सरळ जात राहणार. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये (२००४) विमानाने समुद्रावर कितीही लांब जाता यायचं, जीटीए फाइव्हमध्ये (२०१३) फार लांब गेलात की इंजिनच बंद पडतं. विंड वेकरमध्ये होडी स्वतःच बोलते आणि तोंड फिरवते, हे मला सगळ्यात आवडतं कारण ते त्या गोष्टीतलंच वाटतं. पाणी अनंत सोडायचा मोह झाला तर फ्लोटचा (गेम जागा ज्या दशांश आकड्यात साठवतो त्याचा) हिशोब लक्षात ठेवा, १ युनिट म्हणजे १ मीटर धरलं तर ओरिजिनपासून (मॅपच्या शून्य बिंदूपासून) ८ किलोमीटरच्या पुढं ३२ बिट फ्लोटची पायरी, म्हणजे दोन लगतच्या आकड्यांतलं अंतर, साधारण १ मिलिमीटरची होते आणि ६५ किलोमीटरच्या पुढं जवळपास ८ मिलिमीटरची, तिथं हातातली वस्तू थरथरताना दिसते. मग ओरिजिन खेळणाऱ्याबरोबर शिफ्ट करा नाहीतर डबल प्रिसिजन (६४ बिटचे जास्त बारीक आकडे) वापरा, पण कशाला, तिकडं न्यायचंच नाहीये ना कोणाला.

तिसरा पर्याय म्हणजे धोका. सबनॉटिका या समुद्राखालच्या गेममध्ये (२०१८) मॅप ज्या विवरात आहे त्याच्या कडेपलीकडं गेलं की खाली तळच नाही आणि घोस्ट लेव्हायथन नावाचे अजस्र जलचर येतात, एकही पाटी न लावता माणूस जीव घेऊन परत फिरतो. माझ्या मते हद्द म्हणून यापेक्षा चांगलं काम फार कमी गेमनी केलंय. पण तिथं भीती हा गेमचाच भाग आहे, शांत हिंडायच्या गेममध्ये कडेला राक्षस आणून बसवणं मला तरी जमलं नसतं.

शेवटी मी पूर्वेला रुंद खाडी घातली आणि सह्याद्री खाडीच्या पलीकडं सरकवला, लो पॉली (कमी बारकाव्याचा), हात लावता न येणारा, पण दिवसभर दिसणारा. काठाला कांदळवन. पाण्यात काठापासून जसजसं लांब जाल तसतशी उलट्या दिशेची ओढ वाढते आणि एका ठिकाणी ती पोहण्याच्या वेगाइतकी होते, पात्र तिथंच हात मारत राहतं आणि माणूस स्वतःच वळतो, मेसेज नाही, भिंत नाही. समुद्राच्या बाजूलाही हीच सिस्टीम, फक्त लाटा मोठ्या. उतारात जाणारी जागा वाचली ती वेगळीच.

तुमच्या गेममध्ये पोहणंच नसेल, किंवा गोष्टच एखाद्या बंद खोऱ्यातली असेल तर डोंगर घ्या, फक्त हद्दीचा कडा आणि चढता येणारी टेकडी यांचा दगड लांबून वेगळा ओळखू आला पाहिजे, रंग वेगळा, उतार वेगळा, नाळा अजिबात नकोत. उडता येत असेल तर डोंगराचा विचार सोडूनच द्या. बाकी कुठल्याही केसमध्ये मी आधी पाणी लावून बघेन, एका संध्याकाळचं काम आहे, टेस्टरना बसवा आणि ते कडेवरून परत आल्यावर आत काय करतात तेवढं बघा.