परसात पाखरं हवीत: दाणे, पाणी की झाडं?

परसदारी पाखरं यावीत असं वाटलं की बहुतेकांची पहिली खरेदी दाण्याच्या फीडरची असते. ती करण्याआधी बाहेर जाऊन समोरच्या तारांवर, गच्चीच्या कठड्यावर कोण बसलंय ते बघा. पारव्यांची रांग असेल तर दाण्याचा विषय तिथेच संपला. तुम्ही बाजरी चिमण्यांसाठी टाकाल, जेवतील पारवे. आणि एकदा सुरू झालेली ही पंगत उठवणं महाकठीण. त्यांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासातून गेली तर फुप्फुसांना सूज येऊ शकते. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून वाद पेटला, त्यात आरोग्याचा हाच मुद्दा पुढे होता.

गावाकडे किंवा पारवे कमी असलेल्या वस्तीत गोष्ट वेगळी. तिथे मूठभर बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी टाकली की चिमण्या, मुनिया, होले हळूहळू रुळतात. घरात लहान मूल आहे आणि त्याला लवकर काहीतरी दिसायला हवंय, तर दाण्यांइतकं झटपट दुसरं काही नाही. मात्र दुपारपर्यंत संपेल एवढंच टाका. रात्री उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागून धामण येऊ शकते. (मला धामणीचं वावडं नाही, पण घरातल्यांना विचारून ठेवलेलं बरं.) शेव-फरसाण नकोच. पावसाळ्यात दाणेही बंद ठेवावेत, ओलीने बुरशी धरते.

दाणे फक्त दाणे खाणाऱ्यांना बोलावतात. पाणी सगळ्यांनाच लागतं. दयाळ, शिंपी, नाचण, नशीब असेल तर हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक, ही किडे खाणारी मंडळी तुमच्या बाजरीकडे ढुंकूनही बघणार नाहीत, पण आंघोळीला येतील. खर्च म्हणाल तर मातीच्या एका पसरट थाळीचा. पाणी दोन-तीन बोटं खोल, मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पाखरांना पाय रोवता येतो. बुलबुल आधी काठावर बसून दोन घोट घेतो, मान वळवून चारी बाजू बघतो, मग एकदम आत उतरून पंखांनी पाणी उडवतो आणि निथळत जवळच्या फांदीवर पिसं नीट करायला जातो. तेव्हा चार पावलांवर फांदी हवी. थाळीला खेटून दाट झुडूप मात्र नको, तिथे मांजर दबा धरून बसतं.

पाण्याला कष्ट आहेत. थाळी रोज घासायची, पाणी रोज बदलायचं. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. हे जमणार नसेल तर थाळी ठेवूच नका.

झाडं सगळ्यांत सावकाश फळ देतात, पण टिकतात तीच. एकटा कढीपत्ता घ्या: लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या त्याची पानं खातात, शिंप्यासारखे पक्षी अळ्या टिपतात, आणि काळी फळं पिकली की बुलबुल, कोकीळ हजर. जास्वंद-शेवग्याच्या फुलांवर शिंजीर, म्हणजे फुलातला मध पिणारे चिमुकले पक्षी. पेरू लावलात तर त्यात पोपट आणि खारीचा वाटा धरूनच चला. चिमणी दाणे खात असली तरी पिल्लांना किडेच भरवते, त्यामुळे बागेत कीटकनाशक फवारायचं आणि वर दाणे ठेवायचे यात काही अर्थ नाही. एका कोपऱ्यातला पालापाचोळा झाडू नका. सातभाई पक्षी तिथे कलकलाट करत पानं उलटतील, एखादं मुंगूसही हुंगून जाईल.

घरट्याची पेटी? आसपास चिमण्या असतील तरच. भोक सुमारे ३२ मिलिमीटरचं ठेवा. मोठं केलंत तर साळुंक्या शिरतील. बुलबुल, शिंजीर, शिंपी पेटीत घरटं करत नाहीत.

एकच काही करणार असाल तर माझं मत पाण्याला. दोन करणार असाल तर पाणी आजपासून आणि कढीपत्ता जूनमध्ये. फीडरसाठी काढून ठेवलेल्या पैशांत भर घालून दुर्बीण घ्या. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरते. फक्त ती दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवते ना, हे दुकानातच बघून घ्या.