‘१९७०ची ओरिजिनल’ आणि माझे ३५८ डॉलर

जुन्या जॅझ एलपींचा नाद असेल तर वाचा. ३४० डॉलर रेकॉर्डचे, १८ टपालाचे, असा ३५८ डॉलरचा चुना मला लागलाय. बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

रेकॉर्ड डॉ. लॉनी स्मिथची, ‘लाइव्ह अ‍ॅट क्लब मोझांबिक’. स्वतः स्मिथ ऑर्गनवर, गिटारवर जॉर्ज बेन्सन, बॅरिटोन सॅक्सवर रॉनी क्यूबर. डेट्रॉइटच्या क्लबात तापलेलं फंकी सोल-जॅझ. जाहिरातीत ‘ओरिजिनल फर्स्ट प्रेसिंग, १९७०’, म्हणजे त्याच साली छापलेल्या पहिल्या खेपेतली प्रत. गोम इथेच आहे. मैफल रेकॉर्ड झाली मे १९७०मध्ये, पण ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने ती पंचवीस वर्षं कपाटात ठेवली आणि बाजारात आणली १९९५ साली! १९७०चं प्रेसिंग मुळात नाहीच. आता म्हणाल, आधी शोधायचं होतं. अहो, मैफलच १९७०ची, शंका कुणाला येणार? रेकॉर्डिंगचं साल वेगळं, प्रकाशनाचं वेगळं. दोन्ही तपासा.

पण तो एक फोटो आठवला की अजून डोकं फिरतं. मागचं कव्हर, कोपऱ्यात किमतीचा पिवळा स्टिकर, आणि खाली टीप : ‘काढला तर कव्हर फाटेल.’ मी तो फोटो मोठा करून पाहिला होता! स्टिकरखालून दोन काळ्या उभ्या रेघा डोकावत होत्या. बारकोड! दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला १९७४मध्ये; १९७०च्या कव्हरवर तो येणार कुठून? पण विकणारा गडी सारखा मागे लागलेला, ‘अजून दोघं विचारतायत, रात्रीपर्यंत सांगा.’

पैसे ‘मित्र-नातेवाईक’ पर्यायाने पाठवायला लावले, फी वाचते म्हणे. तसे मुळीच देऊ नका. पेमेंट कंपनीने हात वर केले : तुम्ही स्वखुशीने पाठवलेत. पोलिसांत गेलो, तर खिडकीतला साहेब विचारतो, “रेकॉर्ड मिळाली ना? वाजते ना? मग हा दिवाणी मामला.” वर हसून, “हल्ली रेकॉर्डी ऐकतं कोण?” विक्रेता दुसऱ्या राज्यातला, म्हणून तिकडच्या पोलिसांचा नंबर दिला. तिकडच्यांनी परत इकडे पाठवलं. ऑनलाइन तक्रारीची फक्त पोच आली, तीही आपोआप निघालेली. यांना पगार कशाचा मिळतो?

रेकॉर्डवर लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे असतात, त्यांवरून प्रेसिंग ओळखता येतं; त्यांचा फोटो मागा. टाळाटाळ केली की सोडून द्या.

तोच गडी आता ग्रँट ग्रीनची त्याच क्लबातली एलपी ‘१९७१ची ओरिजिनल’ म्हणून विकतोय. ती पहिल्यांदा निघाली २००६मध्ये. कुणी घेत असाल तर थांबा.