किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठीची संवाद-कार्यशाळा: आठ महिन्यांनंतर

लेक नववीत गेली तेव्हा, गेल्या जूनमध्ये, मी पालकांची ही आठ रविवारांची कार्यशाळा केली. संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबले होते. आता आठ महिने झाले.

पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांची. समुपदेशनात ऐकून घेण्यावर भर देणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याकडे शिकलेल्या गॉर्डननी 1962 मध्ये कॅलिफोर्नियात पालकांचे वर्ग सुरू केले. समुपदेशक ज्या तऱ्हेनं ऐकतो, तसं ऐकणं आईबापांनाही शिकता येतं, हा त्यांचा विचार. बोलणं तोडणाऱ्या 12 सवयी त्यांनी सांगितल्यात. हुकूम, धमकी, उपदेश, उलटतपासणी हे पटण्यासारखंच होतं. पण त्यात धीर देणंही होतं, आणि तिथे मी अडले. ‘काही होत नाही गं, पुढच्या वेळी मिळतील’ हे तर मी मायेनंच म्हणायचे.

उत्तर ऑक्टोबरमध्ये मिळालं. सहामाहीचा बीजगणिताचा पेपर घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. 40 पैकी 13. मी कणीक मळत होते. ‘तरी सांगत होते’ हे ओठांवर आलेलं गिळलं, धीरही दिला नाही. ‘फार लागलंय ना मनाला?’ एवढंच विचारलं. ती ओट्याला टेकली. कणीक कधीच मळून झाली होती, तरी मी मळतच राहिले. मग म्हणाली, ‘सरांनी सगळ्यांचे मार्क मोठ्यानं वाचले,’ आणि रडायला लागली. तिचं दुःख तेरा मार्कांचं नव्हतंच. मी ‘काही होत नाही’ म्हटलं असतं, तर ती पेपर ठेवून आत निघून गेली असती.

कार्यशाळेची पुस्तिका मात्र निराशाजनक. ‘मला असं जाणवतं की तू निराश आहेस’ अशी वाक्यं. एकदा म्हणून पाहिलं, तर लेक म्हणाली, ‘आई, असं कोण बोलतं?’ खरंच होतं तिचं. आपल्या भाषेत ‘हं’, ‘मग?’, ‘वैतागलीस ना?’ यांतच ते सगळं येतं. ‘तू’ऐवजी ‘मी’पासून बोलायचं, हेही घरच्या शब्दांत आणल्यावरच जमलं. ‘तुला काही जबाबदारीच नाही’ऐवजी आता म्हणते, ‘साडेआठपर्यंत आली नाहीस आणि मेसेजही नसला, की जिवाला घोर लागतो. पोळ्या टाकून मी गॅलरीत जाऊन उभी राहते.’ तेव्हापासून बहुतेक वेळा मेसेज येतो.

दोन गोष्टी खटकल्या. आमच्या गटात अठरा जणांत वडील फक्त दोन. आमचे हेही आले नाहीत, त्यामुळे मी ऐकून घ्यायचं आणि ह्यांनी दोन मिनिटांत भाषण सुरू करायचं, असं कितीतरी दिवस चाललं. जमलं तर दोघांनी मिळून करा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मूल झोपत नाही, जेवत नाही, स्वतःला इजा करतंय, तेव्हा घरच्यांनी ऐकणं पुरत नाही, तज्ज्ञांकडेच जायला हवं, हे कार्यशाळेत एकदाही सांगितलं नाही. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास मोफत असते, तो नंबर तरी पुस्तिकेत छापायला हवा होता.

मोबाइलवरून आमची वादावादी जानेवारीपर्यंत चालली. गॉर्डन म्हणतात तसं, कुणीच हरणार नाही असा तोडगा काढायला तिघं बसलो. दोनदा बैठक मोडली. तिसऱ्यांदा वहीत सगळ्यांचे पर्याय लिहिले, एकावरही आधी टीका करायची नाही असं ठरवून. तिचाच पर्याय टिकला: साडेदहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला, पण आम्हा दोघांचेही. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जड गेलं ते ह्यांना. सुट्टी लागणार म्हणून आता तिला अकराची वेळ हवी आहे. तिची दोन्ही कारणं वहीत लिहून घेतलीत, रविवारी बसणार आहोत.