सिमपायचे डॉक्स वापरून बघितले, मांडणी आवडली

गणिताच्या सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर फंक्शन्सची लांबलचक यादीच येते. आधी ज्या पॅकेजवर मी काम करायचो (नाव नको) त्यात सगळं एबीसीडीप्रमाणे लावलेलं, मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढायचा तर आधी त्या फंक्शनचं नाव पाठ हवं, नाहीतर बसा स्क्रोल करत. सिमपायचे (चिन्हं-सूत्रं वापरून गणित करणारी पायथन भाषेतली लायब्ररी) डॉक्स उघडले आणि पहिल्यांदा असं वाटलं की कोणीतरी वाचणाऱ्याचा विचार करून पानं लावलीयेत.

मुख्य भाग चार. शिकायला ट्यूटोरियल, अमुक काम कसं करायचं त्यासाठी हाउ-टू गाइड, असं का होतं ते समजवायला एक्सप्लनेशन, आणि मग एकेका फंक्शनची सविस्तर माहिती देणारा एपीआय रेफरन्स. याचा फायदा अडल्यावर कळतो. समजा कोसाइन एक्स बरोबर एक्स हे समीकरण सोडवायचंय, तर सॉल्व्ह या समीकरणं सोडवणाऱ्या फंक्शनला दिलं की एरर येते आणि नवीन माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, तो तासभर कंस तपासत बसतो. हाउ-टूमध्ये समीकरणांचं जे पान आहे तिथे स्पष्ट लिहिलंय की काही समीकरणांना सूत्रात बसणारं उत्तर मिळत नाही, आणि तिथूनच आकड्यात अंदाजे उत्तर काढणाऱ्या एनसॉल्व्हकडे वाट दाखवलीये, त्याला सुरुवातीचा एक अंदाज दिला की ०.७३९०८५ हातात येतं. हीच माहिती रेफरन्सच्या पोटात असती तर गरज असलेल्याला कधी सापडली नसती.

ट्यूटोरियलमधलं गॉचाजचं, म्हणजे हमखास फसवणाऱ्या जागांचं पान तर पहिल्याच दिवशी वाचा. एक्स + १/३ लिहिलं की पायथन आधी भागाकार करून ०.३३३३ करून टाकतो आणि अचूक अपूर्णांक गेला, तिथे रॅशनल(१, ३) लिहायचं. (एक्स + १) चा वर्ग आणि त्याचा विस्तार यांच्यामध्ये दोन बरोबरची चिन्हं टाकली तर फॉल्स येतं, कारण तिथे लिहिण्याची रचना तपासली जाते, गणितातली समानता नाही. विद्यार्थी हमखास अडकतात अशा जागा सुरुवातीलाच एकत्र केल्यात हे मला फार मोलाचं वाटतं.

उदाहरणांवर विश्वास ठेवता येतो, डॉकटेस्ट या पायथनच्या चाचणी साधनाने ती खरोखर चालवून उत्तरं तपासली जातात.

एक मात्र मनापासून हवंय. सॉल्व्हसारख्या मोठ्या फंक्शनच्या रेफरन्स पानावर सगळ्यात वर दोन ओळींचं सगळ्यात सोपं उदाहरण आणि लगेच खाली हाउ-टू गाइडची लिंक असावी, पॅरामीटर्सचे बारकावे त्यानंतर. बरेचजण सर्चमधून थेट त्याच पानावर येऊन पडतात, त्यांना बाकीचे तीन भाग आहेत हे कळायला तरी हवं ना.