लग्नाच्या बॅगेतून शर्यतीकडे: आधी माती की आधी डांबर?

इंदूरमध्ये लग्नांची कामं करणाऱ्या फोटोग्राफरची बॅग उघडली तर बहुधा हेच निघतं: दोन बॉडी, २४-७० आणि ७०-२०० एफ २.८ या दोन लेन्स, आणि दोन फ्लॅश. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात मुहूर्त जवळपास बंद, त्यामुळे सगळं सामान कपाटात. शर्यतींचं डोक्यात येतं ते याच महिन्यांत, आणि लगेच चौकशी सुरू होते मोठ्या लेन्सची. त्याआधी मैदान ठरवा. मोटोक्रॉस-सुपरक्रॉससारख्या मातीवरच्या शर्यती आणि डांबरी सर्किट, दोन्हीकडे गाड्याच पळतात, पण फोटोग्राफरचं काम निम्म्याहून अधिक वेगळं आहे.

पिथमपूरचा ट्रॅक मनातून काढून टाका. २०२१ मध्ये सुरू झालेला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक हाकेच्या अंतरावर असला, तरी तो गाड्यांच्या चाचण्यांसाठी बांधलेला आहे. कॅमेरा गळ्यात अडकवून सहज आत शिरायची ती जागा नव्हे. खरी सर्किटं म्हणजे चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध. त्यातलं बुद्ध तेवढं रात्रीच्या गाडीने गाठण्यासारखं.

मातीवर तुमची ७०-२०० पुरते. उडीच्या टेकाडापासून दहा-पंचवीस मीटरवर उभं राहायला मिळतं आणि बाईक प्रत्येक फेरीत त्याच जागेवरून हवेत जाते. वरमाला कुठल्या क्षणी पडणार हे ओळखणाऱ्याला हे टायमिंग अवघड नाही. हवेतल्या बाईकला १/१६०० ते १/२००० शटर ठेवा. मागे उजळ आकाश असल्याने कॅमेरा फसतो आणि स्वार काळा पडतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर घ्या. नवखे लोक बाईक फ्रेमभर घेतात, मागे नुसतं निळं आकाश. मग उडी सहा फुटांची की सोळा, काही कळत नाही. टेकाडाची कड किंवा खालची माणसं फ्रेममध्ये राहू द्या.

मातीवरचा खरा शत्रू धूळ. माळव्याची काळी माती वाळली की पिठासारखी उडते आणि भिजली की बुटाला किलोभर चिकटते. वारा पाठीमागून येईल अशी जागा धरा. लेन्स मैदानात बदलू नका. दोन बॉडींवर दोन लेन्स ही लग्नातली सवय इथे आयती कामाला येते. पुढच्या बाईकची धूळ मध्ये आली की फोकस धुळीवर उडी मारतो. मेनूत ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी असते, ती ‘लॉक्ड ऑन’च्या बाजूला सरकवा.

डांबरावर अंतर वाढतं. कुंपणाआडून गाडी चाळीस ते शंभर मीटरवर असते, तिथे २०० अपुरी पडते. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ७०-२०० आणि लेन्सचा आवाका वाढवणारा १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला तर ४२० मिलिमीटरच्या आसपासचा आवाका मिळतो, छिद्र एफ ४ राहतं. दोनपटीचा कन्व्हर्टर घेऊ नका, फोकस मंदावतो आणि कडा मऊ पडतात. १५०-६०० आधी दोन दिवस भाड्याने आणून बघा. दुपारी तापलेल्या डांबरावरून ६०० ने टिपलेले फोटो पाण्याखालून काढल्यासारखे येतात. त्यात लेन्सचा दोष नाही, गरम हवा थरथरते. उपाय एकच: जवळची जागा किंवा सकाळचं पहिलं सत्र.

सगळ्यात मोठा फरक शटरचा. लग्नात हललेला फोटो बाद. सर्किटवर अजिबात न हललेला फोटो बाद, कारण गाडी पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. ताशी १२० किलोमीटरने जाणारी बाईक सेकंदाला ३३ मीटर जाते. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर १/१००० ला चाक जेमतेम ६ अंश फिरतं, म्हणजे आरे मोजता येतील. १/१२५ ला ते ४८ अंश फिरतं आणि वेग दिसू लागतो. मात्र कॅमेरा गाडीबरोबर अचूक फिरवावा लागतो, यालाच पॅनिंग म्हणतात: पाय गाडी जिथे टिपायची त्या दिशेला रोवायचे, कंबर वळवायची, बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. स्टॅबिलायझर पॅनिंगच्या मोडवर टाका (बऱ्याच लेन्सवर तो मोड २), नाहीतर तो तुमचं फिरवणंच थरथर समजून रोखू पाहतो.

यातून पुढची अडचण निघते. कडक उन्हात आयएसओ १०० ला १/६० शटर म्हणजे एफ २० च्या आसपास. एवढ्या बारीक छिद्राने फोटो मऊ होतो आणि सेन्सरवरचा कणन् कण दिसतो. लेन्सच्या मापाचा एनडी ८ फिल्टर (प्रकाश आठपट कमी करणारी काच) लावला की एफ ७.१ वर येता.

लग्नातल्या दोन सेटिंग्ज इथे मारतात. मंगलाष्टकांच्या वेळी लावलेलं सायलेंट शटर आधी बंद करा. साध्या सेन्सरवर ओळी एकामागून एक वाचल्या जातात, त्यामुळे पॅनिंगमध्ये मागचे खांब तिरपे आणि चाकं लंबगोल होतात. दुसरी, आय-डिटेक्शन, म्हणजे डोळे शोधून त्यांवर फोकस धरणं. हेल्मेटमधला चेहरा सापडत नाही म्हणून कॅमेरा मागे उभ्या मार्शलचा (ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याचा) चेहरा पकडतो. वाहन ओळखणारा मोड असेल तर तो घ्या, नसेल तर मधला छोटा झोन. फ्लॅश घरीच ठेवा.

प्रवेशाचं म्हणाल तर सर्किटवर आयोजकांकडे आधी मीडिया पास मागावा लागतो आणि पहिला अर्ज लग्नाच्या अल्बमवर मंजूर होत नाही. मातीवर ओळख लवकर होते, पण मध्ये कधी कधी नुसती फीत असते, म्हणून धोका तिथेच जास्त. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका, गाड्यांकडे पाठ करू नका, खाली बसून स्क्रीन बघत राहू नका.

पैशाचा हिशेब सुरुवातीला दोन्हीकडे लग्नापेक्षा हलकाच. लग्नात एक घर आगाऊ रक्कम देतं आणि अल्बमला दोन महिने थांबतं. इथे प्रत्येक स्वार चार-पाच फोटो घेतो आणि ते त्याच संध्याकाळी मागतो, तेव्हा गाडीच्या नंबरप्रमाणे फोल्डर लावायची तयारी हवी. मातीवर ग्राहक म्हणजे स्वार आणि त्याचे घरचे. डांबरावर टीम आणि प्रायोजक. त्यांना लोगो स्वच्छ दिसायला हवा आणि वापराचे हक्क लेखी हवेत. नुसतं नाव छापतो म्हणून फुकट फोटो मागणारे दोन्हीकडे भेटतील.

ज्यांच्याकडे आजची लग्नाची बॅग आहे त्यांनी मातीपासून सुरुवात करावी, नवीन खर्च जवळजवळ शून्य. १००-४०० आधीच घरात असेल आणि टीमची कामं हवी असतील, तरच थेट डांबर.

सर्किटचा हात बसवायला चेन्नई गाठायची गरज नाही. ताशी ४० ने जाणारी ॲक्टिव्हा १/४० ला तेवढीच सरकते जेवढी १२० ची बाईक १/१२५ ला, साधारण २७-२८ सेंटिमीटर. इंदूरच्या एबी रोडच्या पदपथावर सकाळी साडेसातला उभं राहा, १/८० पासून सुरू करून १/४० पर्यंत उतरा. दोनशे फ्रेममध्ये दहा वेळा स्कूटरची नंबरप्लेट वाचता आली, तर मीडिया पासचा अर्ज लिहायला घ्या.