गाओकाओच्या इंग्रजी उताऱ्यांचा सराव संच, 4 स्टार

अकरावीतल्या मुलीसाठी चीनच्या गाओकाओ या कॉलेज प्रवेश परीक्षेच्या इंग्रजी उताऱ्यांची पीडीएफ घेतली, राजवाड्याजवळ प्रिंट काढून स्पायरल करून आणलं, आणि खरंच मस्त माल आहे. तिकडे इंग्रजीचा पेपर 150 मार्कांचा, दोन तासांचा. चार उतारे, त्यावर 15 प्रश्न, आणि शिवाय एक उतारा असा की पाच जागा रिकाम्या आणि वाक्यं दिलेली सात, म्हणजे दोन फसवी, हा प्रकार तर सगळ्यात भारी! पाठांतर इथे चालतच नाही, 'हाउएव्हर' दिसलं की थांबून मागचं-पुढचं वाक्य नीट वाचावंच लागतं, पोरगी आता तसं वाचायला लागलीये. एक स्टार कापला कारण उत्तरं दिलीत पण ती बरोबर का, ते कुठेच नाही.